कच्च्या कैद्यांचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समाजवादी चळवळीला तुरुंग नवा नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली, हा इतिहास प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे. आणीबाणीत चळवळीतील अनेक माणसे स्थानबद्ध झाली. त्यांपैकी स्नेहलता रेड्डी या गुणी अभिनेत्री दम्याने जर्जर झालेल्या अवस्थेत बंगळूरच्या तुरुंगात महिनोन्‌महिने अडकून पडल्या आणि सुटकेनंतर अवघ्या काही दिवसांत, २० जानेवारी १९७७ रोजी, त्यांचे निधन झाले.

परंतु राजबंदी सुटतो तेव्हा दारावर त्याच्या स्वागताला माणसे उभी असतात. शेजारच्या बराकीतला दुसरा बंदी मात्र तेथेच राहतो. त्याच्यावर एखाद्या किरकोळ चोरीचा वा मारामारीचा आरोप असतो. तो सिद्ध झालेला नसतो, पुष्कळदा खटला उभाही राहिलेला नसतो. तुरुंगाच्या भाषेत त्याला कच्चा कैदी म्हणतात. आजचा विषय तो आहे. त्याच्यावरील अन्यायाची नैतिक बाजू वारंवार मांडली गेली आहे. येथे हिशेबाची बाजूही मांडावयाची आहे, कारण या व्यवस्थेत अन्याय आणि उधळपट्टी हातात हात घालून चालतात.

प्रथम आकडे पाहू. विधी आयोगाने १९७९ साली आपल्या ७८व्या अहवालात कच्च्या कैद्यांच्या गर्दीचा विचार केला. १९७७ च्या एप्रिलमध्ये देशातील तुरुंगांत १ लाख ८४ हजार बंदी होते आणि त्यांतील सुमारे ५५ टक्के कच्चे होते. हे प्रमाण त्या वेळी लांच्छनास्पद मानले गेले. २०२२ च्या अखेरीस राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने दिलेली संख्या अशी : एकूण बंदी ५ लाख ७३ हजार, त्यांत कच्चे ४ लाख ३४ हजार, म्हणजे जवळजवळ ७६ टक्के. जागा होती ४ लाख ३६ हजारांची. याचा अर्थ असा की, केवळ कच्च्या कैद्यांनीच देशातील सारे तुरुंग भरून गेले होते. शिक्षा झालेल्यांना ठेवायला उरलेली जागा नाममात्र होती. पाच वर्षांहून अधिक काळ निकालाची वाट पाहणारे ११ हजारांवर होते. ज्या प्रमाणाची ४५ वर्षांपूर्वी लाज वाटत होती, ते आज उद्दिष्ट म्हणून समोर ठेवावे अशी पाळी आली आहे.

ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती, असे नाही. नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले पोलीस अधिकारी के. एफ. रुस्तमजी हे राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य होते. त्यांनी बिहारमधील तुरुंग पाहून जे लिहिले, ते १९७९ च्या जानेवारीत वृत्तपत्रात आले आणि त्यावरून हुसैनआरा खातून खटला सर्वोच्च न्यायालयात उभा राहिला. आरोप सिद्ध झाला असता तर जितकी शिक्षा झाली असती, त्याहून अधिक काळ माणसे खटल्याविना आत होती. ज्यांच्यावर आरोपच नव्हता, अशा स्त्रियाही ‘संरक्षणा’च्या नावाखाली कोंडलेल्या होत्या. जलद न्याय हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, हे तत्त्व या खटल्यातून प्रस्थापित झाले.

त्याच पोलीस आयोगाने तिसऱ्या अहवालात एक हिशेब मांडला आहे. तो प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावा असा आहे. पोलिसांनी केलेल्या अटकांपैकी सुमारे ६० टक्के अटका अनावश्यक वा असमर्थनीय होत्या आणि तुरुंगांच्या खर्चापैकी ४३.२ टक्के खर्च अशा अटकांपायी होत होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली जोगिंदरकुमार खटल्याच्या निकालात याच आकड्यांचा आधार घेतला. एखाद्या सरकारी कारखान्यात कच्च्या मालापैकी ४३ टक्के माल वाया जातो असे आढळले असते, तर विधिमंडळात गदारोळ झाला असता. येथे वाया जातात ती माणसांची वर्षे, म्हणून गदारोळ होत नाही.

पुन्हा, अंदाजपत्रकात दिसतो तो खर्चाचा केवळ एक भाग. समजा, दिवसाला ३०० रुपये मजुरी मिळवणारा एक शेतमजूर तीन वर्षे आत राहिला. महिन्याला २५ दिवस काम धरले, तर त्याच्या कुटुंबाची २ लाख ७० हजार रुपयांची मिळकत बुडाली. शिवाय वकिलाची फी, मुलाकातीसाठी एस.टी.चे भाडे, सावकाराचे व्याज आणि शाळेतून काढून कामाला लावलेले मूल. ही रक्कम कोणत्याही सरकारी खात्यात नोंदली जात नाही. सक्तमजुरीच्या कैद्याला तुरुंगात निदान काम आणि अल्पसे वेतन तरी मिळते. कच्च्या कैद्यासाठी साधारणतः तेही नसते. लाखो माणसांची श्रमशक्ती सरकार पैसे खर्चून निष्क्रिय ठेवते. आणि माणूस निर्दोष सुटला, तर त्याला भरपाई देण्याची कायद्यात सर्वसाधारण तरतूद नाही.

भरपाई मिळते तेव्हा ती कशी मिळते, याचे उदाहरण रुदुल साह खटल्यात आहे. मुजफ्फरपूरच्या सत्र न्यायालयाने ३ जून १९६८ रोजी या माणसाला निर्दोष ठरवले. तुरुंगातून तो बाहेर आला १६ ऑक्टोबर १९८२ रोजी. निर्दोषत्वाचा निकाल हाती असताना १४ वर्षांहून अधिक काळ सरकारने त्याला कोंडून ठेवले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी १९८३ साली त्याला नुकसानभरपाई देवविली. मूलभूत हक्काच्या भंगाबद्दल थेट सर्वोच्च न्यायालय भरपाई देऊ शकते, ही वाट त्या निकालाने मोकळी केली. त्याचे मोल मोठे आहे. परंतु एकूण रक्कम होती ३५ हजार रुपये. त्या दिवसांनी तिला भागले, तर दिवसाला पावणेसात रुपयेदेखील पडत नाहीत. शिवाय ही रक्कम सरकारी तिजोरीतून, म्हणजे जनतेच्या खिशातून गेली.

या साऱ्याच्या मुळाशी आहे जामिनाची पद्धत. कायद्यात जामीन हा हक्क असला, तरी व्यवहारात तो मालमत्तेवर मिळतो. जामीनदार हवा, त्याचा सातबारा वा ऐपतीचा दाखला हवा, रेशनकार्ड हवे. ज्याच्या नातलगांत सातबारा कोणाच्याच नावावर नाही, अशा ऊसतोड मजुराने किंवा पारध्याने काय करावे? १९७८ साली मोतीराम या गवंड्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याच्याकडे १० हजार रुपयांचा जामीन मागितला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भावाचा जामीन नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या पद्धतीवर कोरडे ओढले. त्याला अर्धशतक होत आले, तरी जामीन मंजूर होऊनही केवळ पैशांअभावी आत राहणारे बंदी आजही आहेत. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाला २०२३ च्या जानेवारीत, जामीन मिळूनही सात दिवसांत न सुटलेल्या बंद्याची माहिती तुरुंगाधिकाऱ्याने विधी सेवा प्राधिकरणाला द्यावी, असा आदेश द्यावा लागला. तुरुंगात कोण भरले आहेत, हे वेगळे सांगायला नको. सुमारे दोन-तृतीयांश बंदी दलित, आदिवासी व अन्य मागास समाजांतले आहेत. आणि तुरुंगाच्या नियमपुस्तिकांत जातीनुसार झाडू आणि स्वयंपाक वाटून देणारी कलमे २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत शिल्लक होती. ती सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा घटनाबाह्य ठरवली.

कायदे झाले नाहीत असेही नाही. शिक्षेच्या कमाल मुदतीपैकी निम्मी मुदत आत काढलेल्या कच्च्या कैद्याला सोडण्याची तरतूद २००५ च्या दुरुस्तीने आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्यासाठी ती मुदत एक-तृतीयांश केली गेली. परंतु एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असलेल्याला त्याच कलमाने ही सवलत नाकारली आहे, आणि गरीब आरोपीवर दुसरे प्रकरण दाखल करायला ठाण्यात फारसा वेळ लागत नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, असे २०१४ साली अर्णेशकुमार खटल्यात सांगितले गेले. तरी २०२२ साली न्यायालयाला तेच पुन्हा बजावावे लागले. दोष कायद्याच्या अभावाचा नाही. कायदा मोडणाऱ्या अधिकाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही, हा आहे.

येथे एक आक्षेप येतो. गुन्हेगार मोकळे सुटतील, समाजाची सुरक्षितता काय? प्रश्न रास्त आहे. गुन्ह्यांची झळ प्रथम गरीब वस्तीलाच बसते. परंतु निकाल न लागलेला खटला फिर्यादीलाही न्याय देत नाही. साक्षीदार पांगतात, पुरावा विरतो, आणि शेवटी खरा गुन्हेगारही सुटतो. दर १० लाख लोकसंख्येमागे ५० न्यायाधीश असावेत, अशी शिफारस विधी आयोगाने १९८७ साली केली. आजचे प्रमाण त्याच्या निम्म्यावरही नाही. तुरुंगांत मंजूर जागांपैकी सुमारे ३० टक्के रिकाम्या आहेत. पहाऱ्याला पोलीस नाहीत म्हणून बंद्याला न्यायालयात नेले जात नाही आणि तारीख पुढे जाते. न्यायाधीशाच्या वेतनात केलेली बचत तुरुंगाच्या खर्चात कित्येक पटींनी फेडावी लागते. यावर नवे तुरुंग बांधण्याचा उपाय सुचवला जातो. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी २०२२ च्या संविधानदिनी विचारले होते की, देश पुढे जात असेल तर अधिक तुरुंगांची गरज का पडावी? त्याचे समाधानकारक उत्तर सरकारने अद्याप दिलेले नाही.

महाराष्ट्राने या बाबतीत अभिमान बाळगण्याचे कारण नाही. ८३ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी तळोजा तुरुंगात होते. कंपवातामुळे हातात पेला धरवत नव्हता. पाणी पिण्याच्या नळीसाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला आणि त्या अर्जालाही तारखा पडल्या. ५ जुलै २०२१ रोजी, खटला सुरू होण्यापूर्वीच, बंदी म्हणूनच त्यांचा मृत्यू झाला. झारखंडमधील आदिवासी कच्च्या कैद्यांसाठी झगडणारा हा माणूस स्वतः कच्चा कैदी म्हणून गेला.

कार्यकर्त्यांनी काय करावे? प्रत्येक जिल्ह्यात कच्च्या कैद्यांच्या प्रकरणांचा आढावा घेणारी समिती असते. तिच्या बैठका होतात का आणि किती जण सुटले, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. जामीन मंजूर होऊनही आत असलेल्यांची यादी विधी सेवा प्राधिकरणाकडून मागावी. २०२३ साली केंद्राने गरीब बंद्यांसाठी योजना आणली आहे. ती आली तेव्हा तीत कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजार रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद होती. तालुक्यातल्या किती जणांना ते मिळाले, याचा पाठपुरावा करावा. आमदारांनी अंदाजपत्रकाच्या चर्चेत एवढाच प्रश्न विचारावा की, तुरुंगावरील खर्चापैकी किती रुपये सिद्धदोष कैद्यांवर खर्च होतात आणि किती अद्याप निर्दोष असलेल्या माणसांवर.

मोर्चे निघतील, ठराव होतील, ते व्हावेतच. परंतु मंजूर जामिनाचे कागद पूर्ण करून एका माणसाला घरी आणणे, हेही समाजवादी काम आहे. त्या घरात त्या महिन्यापासून मजुरी येऊ लागते.