मॉन्टॅगचे मतांतर

अमेरिकन लेखक रे ब्रॅडबरी यांची ‘फॅरनहाइट ४५१’ ही कादंबरी १९५३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात कल्पिलेल्या राज्यात पुस्तक बाळगणे हा गुन्हा आहे. अग्निशामक दलाचे काम तेथे आग विझवण्याचे नाही; ज्या घरात पुस्तके सापडतील ते घर पेटवून देण्याचे आहे. नायक गाय मॉन्टॅग हा या दलातील जवान. प्रारंभी त्याला आपल्या कामाची लाज तर नाहीच, उलट जाळण्यात आनंद वाटतो. अशा मनुष्याची श्रद्धा कशी पालटते, हा या कादंबरीचा खरा विषय होय.

या पालटाचा आरंभ पुस्तकापासून होत नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. शेजारची क्लॅरिस नावाची मुलगी, तो सुखी आहे काय, असे त्याला सहज विचारते आणि त्याला मनाशी खरे उत्तर सापडत नाही. पुढे एक वृद्ध स्त्री आपली पुस्तके सोडून जाण्यापेक्षा त्यांच्यासह जळून जाणे पत्करते. ज्या वस्तूसाठी माणूस प्राण देतो तीत काही तरी असलेच पाहिजे, असे मॉन्टॅगला वाटू लागते. आधी शंका, मग जिज्ञासा आणि अखेरीस विश्वास, असा हा क्रम आहे.

गोमंतकीयांना हे चित्र सर्वस्वी परके वाटू नये. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी आपली कोकणी टाकून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलू लागावे. पेडणे व डिचोली हे महाल तेव्हा त्या अमलाबाहेर होते. ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यात आले. पहिल्या वणव्यातून ते वाचले, दुसऱ्यातून नाही. सालाझारच्या राजवटीत वृत्तपत्राचा मजकूर छापण्यापूर्वी सेन्सॉरपुढे ठेवावा लागे. सभेला परवाना लागे. १८ जून १९४६ रोजी मडगावी डॉ. राममनोहर लोहियांनी हे बंधन उघडपणे मोडले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडण्याच्या सीमेवर पत्रादेवी येथे निःशस्त्र सत्याग्रही गोळीबारात बळी पडले. कादंबरीतील वृद्धेप्रमाणेच, वादाने न पटणारी गोष्ट त्यांनी प्राण देऊन सांगितली.

मॉन्टॅग शेवटी नदी ओलांडून पळतो. पैलतीरी त्याला अशी माणसे भेटतात, की ज्यांनी एकेक ग्रंथ मुखोद्गत करून जिवंत ठेवला आहे. गोमंतकानेही असेच एक नदी ओलांडणे पाहिले आहे. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराचे मंदिर पाडले गेले, तेव्हा भक्तांनी देव पाण्यापलीकडे डिचोलीतील नार्वे येथे नेला. १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्या देवालयाचा जीर्णोद्धार करविला. पेडण्यातील दशावतारी नट लिखित संहितेवाचून रात्र जागवतात, गावोगावच्या स्त्रिया धालोची गीते मुखाने पुढे नेतात. कागद जळतो, कंठातील शब्द जाळणे कोणत्याही राजसत्तेला साधत नाही.

तथापि या सामर्थ्याला एक मर्यादा आहे. मॉन्टॅगचा अधिकारी बीटी त्याला बजावतो, की ही बंदी मुळात सरकारने लादली नाही. लोकांनीच वाचन सोडले, कोणाचे मन दुखू नये म्हणून पाने गाळली, जाळणारे मागून आले. हे वाक्य एका खलपुरुषाच्या तोंडी असले तरी त्यात तथ्य आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी परकीय सेन्सॉर गोव्यातून गेला; १९८७ च्या राजभाषा कायद्याने, जी बोली तीन वर्षांत संपावी असे फर्मान होते, तिलाच राजभाषेचे स्थान दिले. परंतु मुखोद्गत ग्रंथ ऐकणाराच उरला नाही, तर तो म्हणणाऱ्याबरोबरच संपतो, आणि त्यासाठी फर्मानाची गरज लागत नाही. मॉन्टॅगच्या मतांतराचा अर्थ एवढाच, की पुस्तकाचे रक्षण कायद्याने होते त्याहून अधिक त्याची भूक असलेल्या माणसाने होते.