शिकवणी कुत्र्याची, अभ्यास घरच्यांचा
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



१९९३ च्या स्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या ‘जंजीर’ने वासावरून ३,००० किलोंहून अधिक आरडीएक्स शोधलं. आपल्याला एवढं नको. जिन्यात कुत्रा अंगावर येऊ नये, एवढं पुरे! कुरबुरी त्यावरूनच होतात ना?

सुरुवात ‘बस’पासून करा. आजोबा ‘बस’ आणि नातू ‘सिट’ म्हणाला, की तो गोंधळतो. शब्द एकच ठेवा. बसला की लगेच भाकरीचा तुकडा द्या. उशिरा दिलेलं बक्षीस कशाचं, ते त्याला कळत नाही. मारू नका. रोज दोनदा, पाच-पाच मिनिटं पुरे. मग पट्ट्यावर चालणं, हाकेला येणं आणि शेवटी उड्यांचे खेळ. रेबीजची लस चुकवू नका.

शेजारचं लेकरू जिन्यातून न भिता गेलं, की समजा पास झालो!