दोन अरण्यांची सीमा



ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात लॅमिंग्टन राष्ट्रीय उद्यान आहे. रॉबर्ट कॉलिन्स व रोमिओ लेही यांच्या चिकाटीमुळे १९१५ साली हे अरण्य कुऱ्हाडीपासून वाचले. तेथे बिना बुरा येथून निघणारी डेव्हज क्रीकची सुमारे १२ किलोमीटरांची पाऊलवाट साधारण प्रकृतीच्या माणसालाही एका दिवसात चालता येते.

आरंभी वर्षावन लागते. सह्याद्रीप्रमाणे येथेही बेसॉल्ट खडक आहे. त्याच्या सुपीक मातीत वृक्ष, वेली व नेचे दाटीने वाढतात. भर दुपारीही जमीन ओलसर असते. पुढे खडक बदलतो, माती निकस होते आणि महाराष्ट्राला परिचित असलेली निलगिरी आपल्या मूळ भूमीत भेटते. वणव्यानंतर निलगिरीच्या खोडाला नवे धुमारे फुटतात. वर्षावनातील पातळ सालीच्या वृक्षांना मात्र आग सोसत नाही. त्यांचे संरक्षण ओलावाच करतो. माती, पाणी आणि अग्नी यांनी आखलेली ही सीमा ओलांडून पांथस्थ कड्यावर येतो, तेव्हा समोर नुमिनबाची दरी पसरलेली दिसते.

सप्टेंबर २०१९ मध्ये, दीर्घ अवर्षणानंतर, वणव्याने ही सीमा जुमानली नाही. १९३३ पासूनचे बिना बुराचे विश्रामगृह भस्मसात झाले; वर्षावनाच्या कडाही होरपळल्या. पाऊलवाटा पुढे टप्प्याटप्प्याने खुल्या झाल्या.

कुऱ्हाड कायद्याने थांबते. ओलावा टिकवण्यासाठी मात्र अखंड जागरूकता लागते.