मिल, स्पेन्सर आणि आगरकर

लंडन शहरांत लेडनहॉल रस्त्यावर ईस्ट इंडिया कंपनीची मुख्य कचेरी होती. १८२३ सालीं सतरा वर्षांचा एक तरुण तेथें आपल्या बापाच्या हाताखालीं कारकून म्हणून रुजू झाला आणि १८५८ सालीं कंपनीचा राज्यकारभार संपेपर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षें, त्याच कचेरींत राहिला. हिंदी संस्थानांविषयींचे खलिते तयार करणें हें त्याचें मुख्य काम होतें. हिंदुस्थानचें दर्शन मात्र त्याला कधींच घडलें नाहीं. हा गृहस्थ म्हणजे प्रसिद्ध तत्त्ववेत्ता जॉन स्टुअर्ट मिल.

मिलचें बालपण विलक्षण होतें. बाप जेम्स मिल यानें त्याला शाळेंत न धाडतां वयाच्या तिसऱ्या वर्षीं ग्रीक भाषा शिकविण्यास आरंभ केला. या शिस्तीनें बुद्धि तीक्ष्ण झाली, पण विसाव्या वर्षीं मन खचलें. तें पुढें वर्ड्‌स्वर्थच्या काव्यानें सांवरलें. मनुष्याला साच्यांत घालून वाढवूं नये, हा विचार असा त्याच्या अनुभवांतून आला होता. १८५९ सालीं त्याचा स्वातंत्र्यावरील निबंध प्रसिद्ध झाला. दुसऱ्यास अपाय होत नसेल तर व्यक्तीच्या वर्तनांत समाजानें हात घालूं नये; एकट्याचें मत बहुतांच्या विरुद्ध असलें तरी तें दडपूं नये, कारण तें खरें असूं शकतें, आणि खोटें असलें तरी त्याच्याशीं झगडल्यानेंच सत्य जिवंत राहतें, असें त्यांत त्यानें प्रतिपादन केलें.

परंतु याच निबंधांत एक अपवाद आहे. मागासलेल्या समाजांना हें तत्त्व लागू नाहीं. त्यांना एखादा अकबर लाभला तर त्याची आज्ञा पाळण्यांतच त्यांचें हित आहे, असें मिल म्हणतो. हिंदुस्थानचे खलिते लिहिणाऱ्या लेखणीनें हिंदुस्थानालाच स्वातंत्र्याच्या दाराबाहेर उभें केलें!

या अपवादाला उत्तर दिलें तें पुण्यांतील एका वाचकाच्या आयुष्यानें. १८५६ सालीं कऱ्हाडजवळ टेंभू येथें गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म झाला. अत्यंत दारिद्र्यांत शिकून ते एम्. ए. झाले, पण सुखाची नोकरी न पत्करतां त्यांनीं शाळा व वृत्तपत्र हीं दोन कामें पत्करलीं. 'केसरी'चे ते पहिले संपादक. कोल्हापूर संस्थानच्या कारभाऱ्यांवरील टीकेबद्दल १८८२ सालीं त्यांना टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. सामाजिक सुधारणेविषयीं मतभेद वाढल्यावर त्यांनीं १८८७ सालीं 'केसरी' सोडला व पुढच्या वर्षीं 'सुधारक' काढला.

आगरकरांचा दुसरा विचारगुरु हर्बर्ट स्पेन्सर. हा मुळांत आगगाडीच्या रस्त्यावरचा इंजिनियर. विद्यापीठाची पायरी त्यानें कधीं चढली नाहीं. समाज हा यंत्रासारखा घडविला जात नसून सजीव प्राण्याप्रमाणें हळूहळू वाढतो, म्हणून सरकारनें त्यांत ढवळाढवळ करूं नये, असें त्याचें मत होतें. उत्क्रांतीचें तत्त्व आगरकरांनीं घेतलें, पण त्यांतून निघणारी स्वस्थता घेतली नाहीं. समाज सावकाश वाढेल हें खरें; पण दहाव्या वर्षीं सासरीं जाणाऱ्या मुलीनें तोंवर काय करावें? १८९१ सालीं संमतिवय दहावरून बारावर नेणारा कायदा आला, तेव्हां आगरकर कायद्याच्या बाजूनें उभे राहिले. मुलगे व मुली यांना एकच शिक्षण द्यावें आणि तेंहि एकत्र द्यावें, असें ते लिहीत.

लोकमताच्या ज्या जुलमाचें वर्णन मिलनें केलें होतें, तो आगरकरांनीं आपल्या दारांत पाहिला. विरोधकांनीं त्यांची प्रेतयात्रा ते जिवंत असतांनाच काढली आणि ती त्यांच्या घरावरून नेली. मिलनेंहि १८६७ सालीं पार्लमेंटांत स्त्रियांच्या मताधिकाराची सूचना मांडली होती. ती १९६ विरुद्ध ७३ मतांनीं फेटाळली गेली. पण पराभव पावून तो घरीं गेला, तो आपल्या ग्रंथांत आणि मित्रांत. आगरकरांना घराबाहेर पाऊल टाकतांच तोच पुणेरी रस्ता, तेच शेजारी आणि तेच आप्त भेटत. असें असूनहि फर्ग्युसन कॉलेजांतील अध्यापन व 'सुधारक'चें लेखन दम्यानें जर्जर झालेल्या शरीरानें ते करीत राहिले. १८९५ सालीं वयाचीं एकूणचाळीस वर्षेंहि पुरीं होण्यापूर्वीं ते निवर्तले, तेव्हां त्या कॉलेजचे ते प्राचार्य होते.

मिल १८७३ सालीं फ्रान्समध्यें आव्हिन्यों येथें वारला, तेव्हां आगरकर सोळा वर्षांचे होते. ज्या समाजाला स्वतंत्र विचार पेलणार नाहीं असें मिलनें कागदावर लिहून ठेवलें, त्याच समाजांतील एका मुलानें त्याचा निबंध वाचला आणि त्यांतील अपवाद तेवढा वगळून बाकीचा सारा आचरणांत आणला.