मुडुमालचे उभे दगड

हैदराबादची ओळख चारमिनार आणि गोवळकोंडा ह्या दोन नावांनी करून देण्याची रीत आहे. परंतु गोवळकोंड्याचा किल्ला ज्या खडकावर उभा आहे, त्या खडकाकडे फारसे कोणी पाहत नाही. हा ग्रॅनाइट सुमारे 250 कोटी वर्षांपूर्वीचा आहे. शहराच्या आसपास हत्तीएवढाले धोंडे एकावर एक रचून ठेवल्यासारखे दिसतात. ते मात्र कोणी रचलेले नाहीत. भूमीखाली असतानाच खडकाला उभ्याआडव्या भेगा पडल्या, भेगांतून पाणी मुरले, कडा झिजून गोल झाल्या आणि वरची माती वाहून गेल्यावर गाभा तेवढा उघडा राहिला.

बंगळूरच्या रस्त्याने शादनगर, जडचर्लापर्यंत जाऊन पुढे महबूबनगर आणि मक्तलची वाट धरली, म्हणजे हे धोंड्यांचे राज्य मोटारीच्या दोन्ही बाजूंना पसरलेले दिसते. हा मुलूख वाळवंट नव्हे. तरीही पाऊस थोडा आणि सावली त्याहून थोडी, त्यामुळे उन्हाळ्यात येथे क्षितिजापर्यंत तांबूस माती, बोडक्या टेकड्या आणि एखादे शिंदीचे झाड एवढेच काय ते दृष्टीस पडते. मराठी माणसाला मात्र ही वाट अगदीच परकी नाही. नारायणपेठी लुगडे ज्या गावाचे, ते गाव ह्याच भागात आहे. श्रीपादश्रीवल्लभांच्या कुरवपूरला जाणारे दत्तभक्त मक्तलवरूनच कृष्णाकाठी उतरतात. सह्याद्रीत उगम पावलेल्या कृष्णा आणि भीमा ह्या दोन नद्यांचा संगमही जवळच आहे.

ह्याच कृष्णाकाठी, नारायणपेठ जिल्ह्यात, मुडुमाल नावाचे गाव आहे. गावाबाहेरच्या माळावर सुमारे 80 उंच शिळा उभ्या केलेल्या आहेत. त्यांतील कित्येकींची उंची 10 ते 14 फूट भरते. त्यांच्याभोवती गुडघ्याएवढ्या किंवा त्याहूनही लहान अशा हजारो दगडांच्या ओळी आहेत. अभ्यासकांच्या मते हे काम साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वीचे असावे. ज्यांनी ते केले त्यांची लिपी नाही, राजांची नावे नाहीत, नाणी नाहीत. मागे राहिले आहेत ते केवळ दगड.

त्यांतील एका दगडावर वाटीसारखे लहान लहान खळगे कोरलेले आहेत. सहज पाहणाऱ्याला ती ऊनपावसाची झीज वाटावी. परंतु हैदराबाद विद्यापीठातील पुरातत्त्वज्ञ प्रा. के. पी. राव ह्यांना ह्या खळग्यांच्या मांडणीत आकाशातील ओळखीची आकृती आढळली, ती सप्तर्षींची. सप्तर्षींतील क्रतू आणि पुलह ह्यांना जोडणारी रेघ वाढविली म्हणजे ध्रुव सापडतो, हे आपल्याकडे लहान मुलांनाही अंगणात शिकविले जाई. मोठ्या शिळांच्या काही ओळी, सूर्य दक्षिणायन व उत्तरायण बदलतो त्या दिवसांच्या उदयास्ताशी जुळतात, असेही निरीक्षण आहे.

येथे सावधपणाही हवा. पृथ्वीचा आस भोवऱ्याप्रमाणे मंद गतीने डोलतो. म्हणून साडेतीन हजार वर्षांपूर्वी आकाशाचा उत्तरबिंदू आजच्या ध्रुवताऱ्यापाशी नव्हता. त्या काळच्या माणसाने कोणत्या रेघेने उत्तर दिशा ओळखली, हे आजच्या आकाशावरून ठरविता येत नाही. त्यासाठी गणिताने त्या काळचे आकाश पुन्हा मांडावे लागते. खळगे कोरणारी माणसे केवळ येथेच होती असेही नाही. नागपूरजवळच्या जुनापाणी येथील शिळावर्तुळांच्या दगडांवरही असे खळगे आहेत आणि रिव्हेट-कार्नाक ह्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांची माहिती 1879 साली प्रसिद्ध केली होती. तेव्हा मुडुमालचा विचार विदर्भाला वगळून करता येणार नाही.

मुडुमालच्या गावकऱ्यांनी ह्या दगडांना आपल्या परीने अर्थ दिला आहे. उभ्या दगडांचा देव म्हणून ते ‘निलुराळ्ळ तिम्मप्पा’ असे नाव घेतात आणि एका शिळेला यल्लम्मा मानून तिची पूजा करतात. कुळवाला ह्या माळाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. परंतु जेथे शेंदूर लागला तेथे पहार लागली नाही, हा उपयोग लहान नाही. खरी काळजी आहे ती शेंदूर न लागलेल्या लहान दगडांची. शेत सरळ करताना तो उचलून बांधावर टाकला की पुन्हा आपल्या जागी येत नाही. आणि जागा गेली की दगड राहूनही ओळ नाहीशी होते. ग्रंथातील अक्षरे सुटी करून पोत्यात भरली तर ग्रंथ उरत नाही, तसेच हे आहे.

2025 साली मुडुमालचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आले. ही केवळ पहिली पायरी होय. कुंपण, पाटी आणि पहारेकरी ह्यांची व्यवस्था सरकार करू शकते. पण हजारो लहान दगडांवर चोवीस तास नजर ठेवणे गावालाच शक्य आहे. त्यासाठी गावकऱ्याला त्याच्या तिम्मप्पाविषयी लाजविण्याचे कारण नाही. त्या श्रद्धेच्या शेजारी सप्तर्षींची गोष्ट नेऊन ठेवावी आणि गावच्या शाळेतील मुलांनी रात्री त्याच माळावरून आकाश पाहावे. बांधावर टाकण्यासाठी उचललेला दगड पुन्हा जागेवर ठेवा, असे वडिलांना सांगणारे मूल त्या शाळेतूनच निघेल.

हैदराबादहून निघालेला प्रवासी सायंकाळपर्यंत मुडुमाल पाहून परत येऊ शकतो. त्याने शिळांना टेकून नावे कोरू नयेत, खळग्यांत खडू भरून छायाचित्रे घेऊ नयेत आणि आठवण म्हणून लहानसा खडाही उचलू नये. माळावर दिवस मावळतो तेव्हा शिळांच्या सावल्या लांबच लांब पडतात. त्या सावल्या पाहण्यासाठी थोडा अधिक वेळ मात्र त्याने अवश्य काढावा. ज्यांनी ह्या शिळा उभ्या केल्या, त्यांनीही कदाचित त्याच पाहिल्या असतील.