चूक नेमकी कुठे?

मी कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस. पोटासाठी कारकुनी केली. संगणकातलं मला जे काही कळतं, ते प्रोग्राम लिहिणाऱ्या माझ्या मुलीमुळे. परवा ती म्हणाली, "अब्बा, निम्मा दिवस चूक दुरुस्त करण्यात नाही, शोधण्यात जातो."

प्रोग्राम चालता चालता अडखळला, की तो आपल्या पावलांचा माग दाखवतो. या कामानं त्या कामाला हाक मारली, त्यानं आणखी एकाला, आणि अमुक ओळीत घात झाला. पायथन या भाषेत याला ‘ट्रेसबॅक’ म्हणतात. पूर्वी हा माग ओळीपाशी येऊन थांबे. एकाच ओळीत दोन भागाकार असले, तर शून्यानं कुठे भागलं गेलं, ते आपणच शोधायचं. ऑक्टोबर २०२२ मध्ये पायथनची ३.११ ही आवृत्ती आली आणि ओळीतल्या नेमक्या त्या तुकड्याखाली खूण उमटू लागली.

हे फुकटात झालं नाही. प्रत्येक सूचना मूळ मजकुरातल्या कितव्या अक्षरापासून कितव्या अक्षरापर्यंतची, ही नोंद सतत जवळ बाळगावी लागते. पायथनसोबत मिळणाऱ्या प्रोग्रामांच्या तयार फायली त्यामुळे सुमारे २२ टक्क्यांनी फुगतात, हे सुधारणेच्या प्रस्तावातच मोकळेपणानं लिहिलं होतं. मेमरीही थोडी जास्त लागते. शिवाय भाषा सांभाळणाऱ्यांच्या मागे कायमचं काम लागतं. आत काहीही बदललं, तरी खुणा जागेवर राहिल्या पाहिजेत. चुकीच्या जागी बोट दाखवणाऱ्या वाटाड्यापेक्षा वाटाड्या नसलेला बरा.

मात्र ही नोंद उघडली जाते ती चूक झाल्यावरच. त्यामुळे रोजच्या वेगाला तिची फारशी झळ लागत नाही. इतर सुधारणांमुळे हीच आवृत्ती आधीच्यापेक्षा सरासरी २५ टक्के वेगवान ठरली. ज्यांच्याकडे जागेची टंचाई आहे, त्यांच्यासाठी या नोंदी बंद ठेवण्याची सोयही आहे.

हे ऐकताना मला माझं जुनं टेबल आठवलं. तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका विधवा बाईंचा पेन्शनचा अर्ज माझ्याकडे आला होता. मी शेरा मारला, ‘त्रुटी आहेत, परत.’ टेबलावर फायलींचा ढीग होता आणि दिवसाला किती फायली निघाल्या, याचा हिशोब साहेब घेत. त्या बाई एसटीनं तीनदा आल्या. दर खेपेला एक नवा दाखला घेऊन. चौथ्यांदा आल्या तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "भाऊ, चुकलंय तरी कुठं?" मी अर्ज पुन्हा उघडला. पतीच्या नावात एका ठिकाणी एक काना राहिला होता. बस्स. दाखले सगळे पहिल्यापासून बरोबर होते.

शेऱ्यात ‘रकाना चार, नाव पाहा’ एवढंच लिहायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. ते मी वाचवलं आणि त्यांचे तीन दिवस, तीन वेळची तिकिटं खर्ची घातली. माझ्या टेबलाचा वेग मात्र कागदावर उत्तम दिसला.

तेव्हा वेग मोजताना एक प्रश्न विचारावा, असं मला वाटतं. वाचलेला वेळ खरंच वाचला, की दुसऱ्या कुणाच्या पदरात टाकला? प्रत्येक बारीकसारीक नोंद ठेवणं परवडत नाही, हे मी कारकून म्हणून जाणतो. पण जिथे अडलेल्या माणसाला दुसरा वाटाड्या नाही, तिथे अर्धं मिनिट द्यावं.

त्या बाईंना पेन्शन मिळाली. "भाऊ, आधीच सांगायचं होतं," एवढंच त्या म्हणाल्या.