दुरुस्त केलेला अर्ज कोणाचा?



आपलं इंग्रजी लेखन आपणच कसं सुधारावं, यावर बोलायला मला बोलावलं आहे. आधी माझी चूक सांगते.

मी मिरजेत संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेते. काही वर्षांपूर्वी एक मुलगी नोकरीचा अर्ज घेऊन आली. वडील सतारी बनवतात. तिने लिहिलं होतं की बारावीपासून दुकानाचा हिशेब तीच ठेवते, परगावच्या गिऱ्हाइकांशी फोनवर तीच बोलते. इंग्रजी मोडकंतोडकं होतं. मी लाल पेन घेतलं, दुकानाचा मजकूर घरगुती म्हणून खोडला आणि लिहिलं, ‘आय ॲम अ सिन्सिअर अँड डेडिकेटेड कँडिडेट.’ ती म्हणाली, “मॅडम, अच्छा है. पर ये मैं नै लगती.” मी हसण्यावारी नेलं. मुलाखतीत तिला विचारलं, डेडिकेटेड म्हणजे तुम्ही नेमकं काय केलंत? ती गप्प. आणि जागा होती हिशेब ठेवण्याची!

अर्ज शुद्ध होता, पण माझा होता.

नॅन्सी सॉमर्स या अमेरिकी अभ्यासिकेने १९८० साली दाखवलं की विद्यार्थी पुनर्लेखन म्हणजे शब्द बदलणं समजतात. मुरलेले लेखक मात्र आपल्याला काय म्हणायचं आहे तेच पुन्हा शोधतात. आपल्या शाळांनी तर आपल्याला शब्द बदलणंही शिकवलं नाही. वही बाईंकडे जायची, लाल होऊन परत यायची, आणि आपण फक्त मार्क बघायचो.

म्हणून आता माझ्या वर्गात पहिल्या दिवशी पेन्सिल उचलायची नाही. लिहिलेलं शेजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचं. त्याने काय कळलं ते दखनीत सांगावं, उर्दूत सांगावं, मराठीत सांगावं. त्याला जे कळलंच नाही, ते कागदावर आलेलं नाही. पुष्कळदा बोलता बोलता लिहिणाराच म्हणतो, “अरे, ये तो मैं लिखाच नै.” तेच आधी लिहायचं. ‘द’ राहिला की ‘अ’, हे नंतर.

भाषेच्या चुका दुसऱ्या दिवशी. त्या अडाणीपणाच्या नसतात, त्यांना कारण असतं. ‘पाच वर्षांपासून’ आणि ‘२०१५ पासून’, दोन्हीकडे आपलं ‘पासून’च, उर्दूतही दोन्हीकडे ‘से’. मग आपण ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ लिहिणारच. इंग्रजीत मुदतीला ‘फॉर’ आणि सुरुवातीच्या क्षणाला ‘सिन्स’. शिवाय आपण ‘राहतो’ म्हणतो, तिथे इंग्रजीला ‘हॅव लिव्हड्’ लागतं. ‘चर्चा कशाविषयी’ म्हणायच्या सवयीने ‘डिस्कस अबाउट’ येतं. आणि ‘अ’, ‘द’ आपल्या भाषांत नाहीतच, ते कानाला खटकणार कसे? ते डोळ्यांनीच शोधावे लागतात, एकेका नामापाशी थांबून.

सगळ्या चुका एकदम शोधू नका. वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःच्या नेहमीच्या चुका लिहा. एका वेळी दोनच घ्या. मी समासात नुसती खूण करते. चूक कोणती, ते ज्याचं त्याने शोधायचं. व्याकरणाच्या दुरुस्त्या शिक्षकाने कराव्यातच का, यावर जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये वाद उभा केला, डाना फेरिस यांनी १९९९ मध्ये उत्तर दिलं. माझा कौल मधला आहे: खूण हवी, उत्तर नको. वेळ फार जातो, मान्य. मोबाइल हेच काम क्षणात करून देतो, तेही मान्य. पण मोबाइलने लिहिलेलं ‘डेडिकेटेड’ मुलाखतीत तुम्हालाच समजावून सांगावं लागेल.

त्या मुलीने पुढचा अर्ज स्वतः लिहिला. दुकान परत आलं. मी तीन खुणा केल्या. दोन तिने दुरुस्त केल्या, तिसरीवर माझ्याशी वाद घातला. घरी जाऊन पुस्तक पाहिलं, तिचंच बरोबर होतं.

चला, तुम्ही आणलेले अर्ज काढा. पेन्सिली खाली. शेजाऱ्याकडे वळा आणि वाचा, मोठ्याने.